शेजाऱ्याचा संडास आणि आपलं मूल



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर लहान मुलांचा दवाखाना चालवला. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर अर्थशास्त्राच्या मास्तराला बोलवावं हे संयोजकांना कसं सुचलं, कोण जाणे. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अर्थशास्त्रज्ञांनी मुलांच्या आरोग्यात बरीच लुडबुड केली आहे आणि त्यातली एक लुडबुड आपल्या नगर जिल्ह्यात झालेली आहे. आज मुख्यतः तिच्याविषयी बोलेन.

सुरुवात मात्र पुण्यापासून करायला हवी. १९८२ साली पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीनं पोषणविषयक लेखांचं एक पुस्तक काढलं. संपादक होते पां. वा. सुखात्मे. पुस्तक आज फारसं कुणी उघडत नाही, पण त्यातला एक लेख अजून भांडणं लावतो. डेव्हिड सेकलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाच्या त्या लेखाचा मथळा होता, 'लहान पण निरोगी'. त्याचं म्हणणं असं, की अन्न कमी पडलं तर शरीर जुळवून घेतं. मूल लहान चणीचं राहतं, पण लहान चण म्हणजे काही रोग नव्हे. तेव्हा उंचीच्या तक्त्यात खाली दिसणाऱ्या सगळ्यांना कुपोषित म्हणू नका. पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी याला खरमरीत उत्तर दिलं. जुळवून घेणं ही जगण्यासाठी मोजलेली किंमत आहे, तिला निरोगीपणा कसं म्हणता, असा त्यांचा रोख होता. माझं मत गोपालनांच्या बाजूचं आहे. 'लहान पण निरोगी' म्हणणारे लोक स्वतःच्या नातवाची उंची मात्र दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा करून मोजत असतात.

सुखात्म्यांबद्दल मात्र थोडं थांबून बोललं पाहिजे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेला हा संख्याशास्त्रज्ञ पुढे रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत, संख्याशास्त्र विभागाचा संचालक झाला. निवृत्तीनंतर पुण्याला परतल्यावर त्यांचा अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांशी झालेला वाद आमच्या पिढीनं तोंडात बोट घालून वाचला. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याची रेषा आखली ती माणशी रोजच्या २,२५० कॅलरींवर. सुखात्मे म्हणाले, एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, म्हणून सरासरीच्या खाली दिसणारा प्रत्येक जण उपाशी धरणं चूक आहे. या युक्तिवादाचा फायदा ज्यांना गरिबांच्या ताटाची जबाबदारी टाळायची होती त्यांनीही उठवला, हे कबूल केलं पाहिजे. पण त्या गदारोळात सुखात्म्यांचं दुसरं म्हणणं ऐकायचं राहून गेलं. पोटात गेलेलं अन्न अंगी लागायचं तर स्वच्छ पाणी आणि मैल्याची विल्हेवाट हवी, आतड्याचे आजार चालू असताना नुसती कॅलरींची बेरीज करून उपयोग नाही, असं ते सांगत होते. डाव्यांना ती पळवाट वाटली आणि उजव्यांना त्यात खर्च दिसला. दोघांनीही तिकडे काणाडोळा केला.

आता उंचीच्या प्रश्नाकडे. प्रौढ माणसांत उंच-बुटके असायचेच. पाच वर्षांखालच्या मुलांची गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली मुलं मोजली. निवडलेली मुलं अशी, की ज्यांना आईचं दूध, पोटभर अन्न आणि नीटनेटकं घर मिळत होतं. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीच्या सुखवस्तू घरांतली होती. सहाही देशांतली मुलं जवळपास सारखीच वाढली. त्या मोजमापावरून २००६ साली नवे तक्ते आले. तक्त्यातल्या मध्याच्या फार खाली, शास्त्राच्या भाषेत दोन प्रमाण विचलनांपेक्षा खाली, जे मूल असेल त्याची वाढ खुंटली असं धरतात. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातली ४८ टक्के मुलं त्या रेषेखाली होती.

निम्मी मुलं! आणि त्याच सुमारास सहाराखालच्या आफ्रिकेतल्या, आपल्याहून गरीब असलेल्या अनेक देशांतली मुलं आपल्यापेक्षा उंच निघत होती. तिथे पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं जास्त, उत्पन्न कमी, तरी जगलेली मुलं उंच. अँगस डीटन आणि ज्याँ द्रेझ यांनी २००९ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त याच्या जोडीनं आणखी एक विचित्र गोष्ट दाखवली. भारतात उत्पन्न वाढत असताना माणशी कॅलरी घटत होत्या. मग पुढे अरविंद पनगढिया यांनी सुचवलं, की हा सगळा जनुकांचा खेळ असेल आणि आपण उगाच परक्यांचे तक्ते स्वतःला लावतो आहोत. दक्षिण दिल्लीच्या मुलांनी त्या तर्कातली बरीचशी हवा आधीच काढून घेतली होती.

याच ठिकाणी डीन स्पिअर्स येतो. प्रिन्स्टनमध्ये शिकलेला हा अर्थशास्त्रज्ञ आता टेक्सास विद्यापीठात शिकवतो. त्याची पत्नी डायान कॉफी समाजशास्त्रज्ञ आहे. दोघं उत्तर प्रदेशातल्या सीतापूरला जाऊन राहिले. सीतापूर हे काही परदेशी प्राध्यापकानं राहायला निवडावं असं गाव नव्हे, आणि म्हणूनच मला त्यांच्या कामाबद्दल आदर आहे. २०१३ साली स्पिअर्सनं ६५ देशांतल्या १४० पाहण्या एकत्र केल्या आणि दाखवलं, की मुलांच्या सरासरी उंचीत देशादेशांत जो फरक दिसतो त्यातल्या निम्म्याहून अधिक फरकाशी एकाच गोष्टीचा मेळ बसतो : किती लोक उघड्यावर शौचाला बसतात. आणि जिथे वस्ती दाट तिथे नुकसान जास्त. मराठवाड्यातल्या गोदरीवरून किंवा विदर्भातल्या पांदणीवरून ज्यानं पावसाळ्यात चालून पाहिलं आहे त्याला दाट वस्तीचा मुद्दा समजावून सांगायला नको.

यात शरीराचं गणित काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण सभागृहात डॉक्टर बसलेत आणि माझी परीक्षा घ्यायला टपलेत. मैल्यातले जंतू मातीतून, माश्यांवरून, पाण्यातून आणि रांगत्या पोराच्या बोटांवरून पोटात जातात. दर वेळी जुलाब होतीलच असं नाही. जुलाब झाले तर निदान आईला कळतं. पण जंतूंचा मारा रोजचाच असेल तर लहान आतड्याच्या आतली अन्न शोषून घेणारी बारीक झालर झिजते, आतड्याला कायमची सूज राहते, आणि पोषणासाठी आलेली ताकद शरीर त्या लढाईत खर्च करतं. मूल खातंपितं, खेळतं, दवाखान्यात न्यावं असं काही दिसत नाही. गळक्या घागरीत पाणी ओतावं तसं चाललेलं असतं.

पण मला, म्हणजे अर्थशास्त्राच्या माणसाला, यात रस आहे तो 'शेजारी' या मुद्द्यामुळे. माझ्या घरी संडास आहे, माझं मूल स्वच्छ आहे, एवढ्यानं भागत नाही. आमच्या शास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. एकाच्या वागण्याचा खर्च दुसऱ्याच्या माथी पडतो आणि बाजारभावात तो कुठेच दिसत नाही. याचं सर्वांत बोलकं उदाहरण स्पिअर्सनं मायकेल जेरुसोबरोबर केलेल्या अभ्यासात आहे. भारतात मुसलमान कुटुंबं सरासरीनं हिंदूंपेक्षा गरीब, कमी शिकलेली, सरकारी सेवा त्यांच्यापर्यंत कमी पोचतात. तरीही त्यांच्या मुलांचं पहिला वाढदिवस पाहण्याचं प्रमाण हिंदू मुलांपेक्षा जास्त. संशोधकांना हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. कुणी आहाराकडे बोट दाखवलं, कुणी नात्यागोत्याकडे. जेरुसो आणि स्पिअर्स यांनी दाखवलं, की हा फायदा मुसलमान घराला मिळत नाही, मुसलमान शेजार असलेल्या घराला मिळतो. मुसलमानांत संडास वापरण्याची सवय अधिक, आणि मुसलमान कुटुंबं बहुधा मुसलमान वस्तीतच राहतात, म्हणून फायदा त्यांच्या नावावर जमा झालेला दिसत होता. त्याच वस्तीत राहणाऱ्या हिंदू घरातल्या तान्ह्यालाही तो मिळतो. आपल्या राजकारणात शेजाऱ्याच्या धर्माबद्दल एवढं बोललं जातं, त्यात हा एक निष्कर्ष मी अजून एकाही भाषणात ऐकलेला नाही.

अर्थात, असे अभ्यास कितीही हुशारीनं केले तरी शंका राहतेच. संडास असणारी गावं इतर बाबतींतही बरी असतील, सरपंच चांगला असेल, नळ आला असेल. ही शंका फेडायची तर प्रयोग करावा लागतो. चिठ्ठ्या टाकायच्या, काही गावांत मोहीम आधी चालवायची, काहींत नंतर, आणि मधल्या काळात दोन्हीकडची मुलं मोजायची. हे काम २००४-०५ च्या सुमारास महाराष्ट्र सरकारनं जागतिक बँकेच्या साथीनं केलं. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानानं गावोगाव वातावरण तापलं होतं, ग्रामविकासमंत्री म्हणून आर. आर. पाटलांनी त्यात जीव ओतला होता. त्या पाठोपाठ केंद्राचं संपूर्ण स्वच्छता अभियान राबवायचं होतं. प्रयोगासाठी तीन जिल्हे ठरले : अहमदनगर, नांदेड आणि नंदुरबार. नगरचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण शोधनिबंधात जुनंच आहे.

निकाल सांगण्याआधी मुलाची उंची मोजतात कशी ते सांगतो, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. मी एका अंगणवाडीत हे पाहिलेलं आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला उभं करत नाहीत, लाकडी फळीवर उताणं झोपवतात. सेविका डोकं दोन्ही हातांत धरून वरच्या पाटीला टेकवते. मदतनीस गुडघे दाबून पाय सरळ करते आणि खालची सरकती पाटी तळव्याला आणून भिडवते. मूल अर्थातच बोंब मारतं. पाय सरळ होतो, आकडा वाचेपर्यंत पुन्हा आखडतो. दारात आजी उभी, "बास करा की गं बायांनो, पोराचा पाय मोडाल." सेविका एक आकडा सांगते, मदतनिसीला दुसरा दिसतो. एक-दीड सेंटीमीटरचा घोळ तिथल्या तिथे होतो. म्हणून एका मुलाच्या आकड्यावर कधी विसंबू नये. शेकडो मुलांच्या सरासरीत हे घोळ एकमेकांना कापतात.

आता निकाल. जेफ्री हॅमर आणि डीन स्पिअर्स यांनी मांडलेल्या हिशेबानुसार नगरमध्ये ज्या गावांत मोहीम झाली तिथली मुलं इतर गावांतल्या मुलांपेक्षा सरासरीनं सुमारे ०.३ प्रमाण विचलन उंच निघाली. चार वर्षांच्या मुलाच्या भाषेत सांगायचं तर सव्वा सेंटीमीटर. एवढंसं? हो, एवढंसं. पण सगळ्या गावची सरासरी एवढी सरकणं ही मोठी गोष्ट आहे. आणि ज्या घरांनी संडास बांधलाच नाही त्या घरांतल्या मुलांवरही परिणाम दिसला. शेजाऱ्याचा मुद्दा इथे चिठ्ठ्यांच्या प्रयोगात सिद्ध होताना दिसतो.

पण थांबा. या अंदाजाची विश्वासमर्यादा आहे ०.०४ ते ०.६१. म्हणजे खरा परिणाम जवळजवळ शून्यही असू शकतो किंवा सांगितला त्याच्या दुप्पटही. वर्तमानपत्राच्या बातमीत ही कडा कधी छापून येत नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो, मधला आकडा वाचण्याआधी दोन्ही टोकं वाचा.

आणि नांदेड, नंदुरबारचं काय झालं? तिथे प्रयोग झालाच नाही. कागदावर ठरलं होतं, पण सरकारी यंत्रणेकडून प्रत्यक्षात काही घडलं नाही. गंमत अशी, की पाहणी करणारे लोक मात्र ठरल्याप्रमाणे तिथेही जाऊन मुलं मोजून आले होते. सहसा असं झालं की संशोधक ते आकडे कपाटात टाकतात. हॅमर आणि स्पिअर्स यांनी ते छापले, आणि मला वाटतं त्यांच्या निबंधातला हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. प्रयोग कुठे होतो? जिथे जिल्हा परिषद जागेवर आहे, गटविकास अधिकारी फोन उचलतो, सहकारी चळवळीनं गावाला बैठक घ्यायची सवय लावली आहे, तिथे. नगर तसा जिल्हा आहे. राळेगणसिद्धी त्याच जिल्ह्यात, हिवरेबाजार त्याच जिल्ह्यात. सातपुड्याच्या कुशीतल्या अक्राणी-अक्कलकुव्याला जिथे मोहिमेची गरज सर्वांत जास्त तिथे ती पोचत नाही, आणि पोचत नाही म्हणून तिथला पुरावाही जमत नाही. मग दिल्लीत बसलेला धोरणकर्ता नगरचा पुरावा हातात घेऊन नंदुरबारचा कार्यक्रम आखतो. 'पुराव्यावर आधारित धोरण' हा शब्दप्रयोग हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. तो ऐकला की मला नंदुरबारचे ते न झालेले प्रयोग आठवतात.

पुढे प्रश्न अधिक अवघड झाला. मध्य प्रदेशात धार आणि खरगोन जिल्ह्यांतल्या ८० गावांत असाच प्रयोग झाला, २०१४ साली निकाल आला : मुलांच्या तब्येतीत फरक नाही. त्याच वर्षी ओडिशातल्या पुरी जिल्ह्यातल्या १०० गावांचा निकाल आला. तिथे मोहिमेच्या गावांत संडास असलेली घरं ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेली होती, तरी जुलाब, जंत, उंची, कशातच फरक नाही. मग बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेत फार मोठे, फार काटेकोर प्रयोग झाले. पाणी, संडास, हात धुणं, वेगवेगळं आणि एकत्र. उंचीवर परिणाम दिसला तो पूरक आहाराचा, तोही थोडा. संडासाचा दिसला नाही.

यावर दोन प्रकारचे लोक बोलू लागले. एक म्हणाले, संडासाचं प्रकरण खोटं होतं, पैसे वाचवा. दुसरे म्हणाले, प्रयोग खोटे, आमचा विश्वास खरा. मला दोघंही पटत नाहीत. ओडिशात संडास बांधले गेले, पण सगळे वापरात नव्हते, आणि ज्या घरांत वापरात होते तिथेही सगळी माणसं जात नव्हती. गावातला मैला थोडा कमी झाला, गाव स्वच्छ झालं नाही. बांगलादेशात उघड्यावर बसणं आधीच जवळपास संपलेलं होतं, तिथे चांगल्या संडासानं फरक पडायला जागाच थोडी होती. वस्तीतल्या कोंबड्या-जनावरांची विष्ठाही मोजायला हवी, हे आता लोक म्हणू लागलेत. माझं वाचन असं, की अर्ध्या गावानं अर्धवट वापरलेल्या संडासांचा उंचीवर परिणाम होत नाही, एवढं या प्रयोगांनी पक्कं केलं. पूर्ण गावानं पूर्ण वापरल्यावर काय होतं याचा प्रयोग मात्र कुणाच्या हातून झाला नाही. तो होणं अवघड का, याचं उत्तर पुन्हा सीतापूरकडे नेतं.

२०१४ साली कॉफी, स्पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहार, हरयाणा, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या पाच राज्यांत घरोघर विचारलं. चालू संडास असलेल्या ४० टक्क्यांहून जास्त घरांत निदान एक माणूस तरी बाहेर जात होता. गरिबी, पाण्याची टंचाई, अज्ञान ही आपली तयार उत्तरं तिथे पुरी पडत नाहीत. आफ्रिकेत याहून गरीब, याहून कमी पाणी असलेली माणसं साधा खड्डा खणून वापरतात. मग आपल्याकडे काय आडवं येतं?

खड्डा आडवा येतो. सरकारी नमुना दोन खड्ड्यांचा आहे. एक काही वर्षांनी भरला की दुसरा सुरू करायचा, पहिला तसाच मुरू द्यायचा. वर्षभरात त्यातल्या मैल्याचं खत होतं, वास नाही, जंतू नाहीत, फावड्यानं काढून शेतात टाकता येतं. विज्ञानाच्या दृष्टीनं उत्तम. पण काढणार कोण? ज्याच्या घरात हा प्रश्न विचाराल तो मान फिरवतो. हे काम 'त्यांचं'. आणि ज्यांच्या माथी ते पिढ्यान्‌पिढ्या मारलं गेलं ते आता, योग्यच आहे, नाही म्हणतात. मग ज्याला परवडतं तो बारा-पंधरा फुटी टाकी बांधतो, जी आपल्या हयातीत भरू नये. ज्याला परवडत नाही तो सरकारी खड्डा भरेल या धास्तीनं घरातल्या म्हाताऱ्यांना आणि सुनांना तेवढा वापरू देतो, पुरुष टमरेल घेऊन बाहेर. हे सगळं कॉफी आणि स्पिअर्स यांच्या २०१७ च्या पुस्तकात विस्तारानं आहे. दोन परक्या माणसांनी येऊन मुलाच्या उंचीचं मोजमाप करता करता जातीपर्यंत पोचावं, आणि आपल्या विद्यापीठांतल्या आर्थिक विकासाच्या अभ्यासक्रमात जातीला एक परिच्छेद मिळावा, यावर मी जास्त बोलत नाही.

आपल्याकडे यावर उपाय काय निघाला? गुड मॉर्निंग पथकं. पहाटे शिट्ट्या मारत, टॉर्चचा झोत टाकत माणसांना उठवायचं, कधी गुलाबाचं फूल द्यायचं, कधी दंड करायचा. त्यात सापडणारी माणसं कोणत्या वस्तीतली असत हे सांगायला नको. महाराष्ट्राचा ग्रामीण भाग एप्रिल २०१८ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला, देशाचा २ ऑक्टोबर २०१९ रोजी. काम झालंच नाही असं मी म्हणणार नाही. सुधारित शौचालय वापरणाऱ्या घरांत राहणारी लोकसंख्या देशभरात २०१५-१६ मध्ये ४८.५ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ७०.२ टक्के झाली. फार मोठी झेप आहे. पण 'जाहीर होणं' आणि 'वापरणं' यांत अंतर होतं. २०१८ च्या अखेरीस चार हिंदी राज्यांत पुन्हा विचारलं तेव्हा ग्रामीण भागातले सुमारे ४४ टक्के लोक अजून बाहेरच जात होते.

हवेबद्दल आणि शेतातल्या पाण्याबद्दलही बोलायला हवं, पण वेळ पाहता धावतं. १९९७ साली इंडोनेशियात सुमात्रा आणि कालीमंतानमधली जंगलं महिनोन्‌महिने जळत होती. सीमा जयचंद्रन यांनी उपग्रहानं टिपलेला धूर आणि २००० सालची जनगणना शेजारी शेजारी ठेवली आणि जनगणनेत जी मुलं असायला हवी होती पण नव्हती ती मोजली : १५,६०० हून जास्त. त्या धुराच्या वेळी ती आईच्या पोटात होती. गरीब भागांत तोटा अधिक. एलिझाबेथ ब्रेनर्ड आणि निधिया मेनन यांनी भारतात पाहिलं, की पेरणीच्या हंगामात खतांचे अंश पाण्यात वाढतात आणि नेमके त्याच काळात गर्भ राहिलेल्या मुलांची तब्येत, जगण्याची शक्यता, दोन्ही घटतात. हरितक्रांतीनं कोठारं भरली हे मी कधी नाकारलेलं नाही, पण त्या हिशेबाच्या खर्चाच्या बाजूला ही मुलं आजवर कुणी मांडली नव्हती. मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना यांनी भारतातले पर्यावरणाचे कायदे तपासले. हवेच्या कायद्यांनी हवा सुधारली, नद्यांच्या योजनांनी नद्यांना काहीच झालं नाही. हवेच्या बाबतीत न्यायालय आणि शहरी मध्यमवर्ग मागे लागले होते, नदीच्या मागे कुणी नव्हतं, असं मला वाटतं. आणि स्पिअर्स स्वतः नंतर धुराकडे वळला. जन्माच्या महिन्यात हवेतले अतिसूक्ष्म कण घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमनं जास्त असतील तर पाच वर्षांच्या मुलीच्या उंचीत साधारण पाव सेंटीमीटरची तूट आढळली. संडासाच्या तुलनेत किरकोळ वाटेल, पण धुराला दार लावून बाहेर ठेवता येत नाही.

शेवटी आईकडे येतो, जिथून मी खरं तर सुरुवात करायला हवी होती. डायान कॉफीनं २००५-०६ च्या आकडेवारीवरून अंदाज काढला, की भारतात गरोदर राहताना ४२.२ टक्के बायका कमी वजनाच्या असतात, सहाराखालच्या आफ्रिकेत १६.५ टक्के. मुलाची उंची दोन वर्षांपर्यंत ठरते म्हणतो, त्यातले नऊ महिने पोटात जातात. म्हणजे ज्या 'पर्यावरणा'बद्दल आपण तासभर बोलतो आहोत त्याची पहिली खोली आईचं शरीर. कॉफी, रीतिका खेरा आणि स्पिअर्स यांनी एकत्र कुटुंबांतल्या मुलांची तुलना केली. एकच घर, एकच चूल, एकच शेत, तरी धाकट्या जावेची मुलं थोरल्या जावेच्या मुलांपेक्षा सरासरीनं बुटकी. धाकटीचा घरातला शब्द हलका, जेवणाची पाळी शेवटची. जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी दुसरी बाजू दाखवली : भारतातलं पहिलं मूल आफ्रिकेतल्या पहिल्या मुलापेक्षा बुटकं नसतं, अंतर दुसऱ्यापासून सुरू होतं, आणि त्यामागे थोरल्या मुलग्याचा हव्यास आहे. यावर स्पिअर्स-कॉफी यांनी आकडेशास्त्राच्या हरकती घेतल्या आहेत, भांडण चालू आहे. तज्ज्ञ भांडतात म्हणून सगळंच संशयास्पद समजू नका. कोणाचं काहीही ठरो, दोन्ही बाजूंच्या निबंधांत घरातली सून आहेच.

म्हणूनच महाराष्ट्राच्या एका आकड्यापाशी मी अडखळतो. आपल्याकडे वाढ खुंटलेल्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होतं, २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्क्यांवर आलं. दहा वर्षांत सुमारे बारा टक्केबिंदूंची घट. त्या दशकात राज्य सरकारच्या राजमाता जिजाऊ मिशननं कुपोषणाचा प्रश्न मुख्य सचिवांच्या टेबलापर्यंत नेला होता, त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. मग २०१९ ची पाहणी आली : ३५.२ टक्के. संडास भराभर वाढले त्याच चार वर्षांत घट थांबली. करोनाला दोष देता येत नाही. महाराष्ट्रातलं मोजमाप जून ते डिसेंबर २०१९ मध्येच उरकलं होतं. संडासानं काही होत नाही असा निष्कर्ष यावरून काढणारे भेटतात. त्यांना मी विचारतो, त्या मुलांच्या आयांची वजनं त्याच चार वर्षांत किती वाढली होती, आणि किती गावांत पहिला खड्डा भरल्यावर दुसरा सुरू झाला? पहिल्याचं उत्तर पाहण्यांत शोधून थोडंफार सापडतं. दुसरं कुठल्याच तक्त्यात नाही, कारण अनुदानाचा हप्ता संडासाचा फोटो पाहून निघतो, त्या फोटोत घराचा मालक दारासमोर उभा असतो, आणि खड्डा त्याच्या मागे असतो. अंगणवाडीच्या नोंदवहीत सुनेचं नाव ती गरोदर राहिल्यावर चढतं. लग्न होऊन घरात आली त्या दिवशी तिचं वजन किती होतं, हे मोजलेलं मी कुठे पाहिलेलं नाही. पुढची पाहणी आखणाऱ्यांपैकी कुणी इथे बसलं असेल, तर या दोन रकान्यांसाठी मी नंतर त्यांची गाठ घेणार आहे. आता प्रश्न घेऊ.